पाऊसभराची खोली

आमच्या गावात माणसं कमी आणि मतं फार. रत्नागिरीहून आरे-वारेचा घाट उतरून पुढं आलं की समुद्राकडे पाठ करून एक फाटा आत वळतो, तिथं आमची वाडी. निम्म्याहून जास्त घरांना कुलपं. घरवाले मुंबईला, नाहीतर आखातात, नाहीतर बोटीवर. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन जातात, कारण मी कुठं जात नाही हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. रत्नागिरीला एका शाळेत कारकुनी करून मी निवृत्त झाले आणि हे गेल्यावर कायमची गावी येऊन राहिले. तेव्हापासून दुसऱ्यांच्या घरांतली वाळवी बघणं हे माझं बिनपगारी काम.

माझं स्वतःचं म्हणाल तर कातळावरची हापूसची बाग. ह्यांनी बोटीवरच्या कमाईतून सुरुंग लावून खड्डे काढले, माती विकत आणून भरली आणि कलमं लावली. स्वतः मात्र सुट्टीपुरते आंबे खाऊन परत बोटीवर. त्या बागेला पूर्वी आतल्या गावांतली कुणबी माणसं यायची. झाडावर उभी राहून झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, एकेक आंबा देठासकट उतरवायची. त्यांचे मुलगे शिकले, मुंबईला लागले, आणि ते बरंच झालं. पण माझी बाग काही त्यांच्याबरोबर मुंबईला गेली नाही. एक साल असं आलं की आंबा तयार आणि उतरवायला माणूस नाही. आंबा देठातून सुटून खाली पडला की तो पेटीचा राहत नाही, रस काढणाऱ्या कॅनिंगवाल्याचा होतो. त्या साली सकाळी बागेत धपाधप आवाज यायचे आणि मी घरात बसून चरफडायची.

दुसऱ्या साली मी गुरखा ठेवला. आमच्याकडे बागेतल्या प्रत्येक नेपाळी माणसाला गुरखाच म्हणतात. तो शिट्टी वाजवत नाही की काठी आपटत नाही. तो झाडावर चढतो, फवारणी करतो, वानर हाकतो, पेट्या भरतो. दिवाळी झाली की हे लोक येतात, बागेत पत्र्याची खोप घालून राहतात आणि पाऊस लागायच्या आत परत जातात. माझा गुरखा अंगानं बारका, बोलायला त्याहून बारका. पण झाडावर असा चढायचा की खाली उभं राहून मलाच देव आठवायचे. त्याची बायको आंबे निवडायला बसायची. डागी आंबा तिच्या हातून सुटत नसे. मला ती 'आमा' म्हणायची. त्यांच्यात आईला आमा म्हणतात. मला आधी वाटलं ही आंबा म्हणतेय, पण तिला विचारल्यावर कळलं आणि मग ते कानाला बरं वाटायला लागलं.

गेल्या माघात ती बागेतला पालापाचोळा गोळा करत होती आणि मध्येच कमरेवर हात ठेवून बसली. मी विचारलं, तर लाजली. आषाढात होणार होतं. म्हणजे नेहमीसारखी ती जेठात निघाली असती, तर दिवस भरत आलेले असताना आगगाडी, मग बस, मग डोंगरातली चाल. त्यांच्याकडे पावसात रस्ते वाहून जातात. तिची जाऊ अशीच वाटेत बाळंत झाली होती आणि मूल राहिलं नव्हतं. एवढं तिनं सांगितलं आणि परत झाडू हातात घेतला.

नवरा दुपारी आला आणि उभा राहिला. "आमा, ह्या पावसात इथंच राहू काय? खोप नाय टिकणार. कुठं खोली मिळेल?"

मी काही फार थोर बाई नाही. मला तिची काळजी वाटली हे खरं, आणि हा पावसाळ्यात इथं राहिला तर कलमांना वेळेवर खत पडेल, पडीक पडलेला भाताचा तुकडा लावता येईल, हेही त्याच क्षणी डोक्यात आलं. दोन्ही एकदमच आलं. धाकट्या दिरांचं घर मुंबईमुळे बंदच असतं, त्याला मागच्या बाजूला एक सुटी खोली आहे. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, माझी ना नाही. फक्त गावात विचारा. नंतर कटकट नको."

गावात विचारायचं म्हणजे शिमग्याच्या आधीच्या बैठकीत. पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत जाणार हे ठरवायला देवळात सगळे जमतात. अध्यक्षस्थानी आमचे म्हातारे मानकरी, आणि बोलायला माझे चुलत दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते. मुंबईला गोदीत नोकरी करून आलेला माणूस, आवाज भोंग्यासारखा. गावच्या रीतीभाती त्यांना तोंडपाठ. पहिला नारळ कुणाचा, ढोल कुणी उचलायचा, पालखी कुठल्या दारात आधी थांबायची, यात कोणी इकडचं तिकडं केलं तर भाऊजी तिथल्या तिथं पालखी थांबवतील. त्यांचा मुलगा आखातात आहे आणि त्यानं घेतलेली गाडी इथं प्लास्टिकच्या कापडाखाली झाकून असते.

मी विषय काढला आणि देवळात गलका झाला.

"आज खोली द्याल, उद्या म्हणतील आमाला पाणी द्या, परवा म्हणतील मत द्या," एकजण म्हणाला.

"पलीकडच्या गावात पंप चोरीला ग्येला."

"तो गुरख्यानं नेलान काय?" मी विचारलं.

"कोणी नेलान त्ये गावलं नाय. पण ग्येला ना!"

ह्या तर्कापुढे काय बोलणार? भाऊजी उठले. त्यांनी कमरेवर हात घेतले म्हणजे भाषण होणार.

"वहिनी, माणूस वायट हाय असं मी म्हणत नाय. पण रीत हाय. कामाला यावं, काम करावं, मिरगाच्या आधी परत जावं. घर करून र्‍हायला लागले तर मग आपल्या पोरांचं काय? त्यांच्या हातचं काम जातंय."

"कुठल्या पोरांचं?" मी म्हटलं. माझं डोकं तापलं होतं. "बोलवा एकाला. उद्यापासून ठेवते. झाडावर चढायचं, औषध मारायचं, सकाळी वानर हाकायचं. कोण येतोय?"

मागच्या खांबाजवळ वाडीतले चारदोन तरुण होते. सगळे खांबाकडे बघायला लागले. एकजण मोठ्या धाडसानं म्हणाला की तो येईल, पण चारच्या आत सोडावं लागेल, कारण अंडरआर्म क्रिकेटच्या मॅचेस सुरू आहेत. देवळात हशा पिकला. भाऊजी हसले नाहीत.

आता एक सांगायला हवं. त्याच पंधरवड्यात भाऊजी रोज संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन मोबाईलवरच्या बातम्या वाचून दाखवत होते. मुलगा आहे त्या देशात बाहेरच्या कामगारांचे परवाने कमी करायचं घाटत होतं, आणि भाऊजी लालबुंद. "आपल्या पोरांनी त्यांची शहरं उभी केलीन. त्यांच्या स्वतःच्या पोरांना ऊन लागतं. आणि आता म्हणतात, जा!" मी चहा ओतत हं हं करत असे. देवळात मात्र मला राहवलं नाही.

"भाऊजी, तुमचा लेक तिकडं काय देवदर्शनाला गेलाय?"

बोलले आणि वाटलं, चारचौघांत नको होतं. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "तो कायद्यानं ग्येलाय. आणि तोही परत येणार हाय." ठराव झाला तो असा: बागेतल्या बाहेरच्या माणसांनी मिरगाच्या आधी गाव सोडायचा आणि वाडीत त्यांना कोणी खोली द्यायची नाही. म्हातारे मानकरी सगळा वेळ पान चघळत बसले होते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, उठून पिंक टाकून आले.

मी बागेत जाऊन सांगितलं. गुरखा झाडावर होता, खाली उतरला. "गाव नको बोलला तर कसा राहायचा, आमा," एवढंच म्हणाला. बायको खोपीच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि भांडी घासायला लागली. त्या आवाजाचा मला इतका राग आला, की घरी येऊन मी विनाकारण दोन फोन लावले आणि दोघांशी भांडले.

मग शिमगा आला. कुलपं उघडली, मुंबईच्या गाड्या लागल्या, वाडीत माणूस मावेना. पालखी नाचवून झाली आणि देव सहाणेवर बसला. सहाण म्हणजे पालखी ठेवायचा चौथरा. तिथं ज्याला देवाकडे काही मागायचं असेल तो नारळ ठेवतो, काय मागायचं ते मानकऱ्यांच्या कानात सांगतो, आणि मानकरी त्याच्या वतीनं मोठ्यानं गाऱ्हाणं घालतात. प्रत्येक वाक्याला सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतो. म्हणजे एकाचं मागणं सगळ्यांचं होतं. कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, कुणाचं कोर्टातलं भांडण. आवाजात सगळ्यांच्या पुढं भाऊजी. ते हात वर करून असं म्हणतात, की देवाला दुसऱ्या कोणाचं ऐकूच येऊ नये.

तास-दीड तास हे चालतं. ऊन डोक्यावर येतं, ढोलाचा आवाज कानात घुमत असतो, पोटात भूक असते. अशा वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणायला डोकं लागत नाही. मानकऱ्यांचा आवाज जरा खाली आला की तोंड आपोआप उघडतं. मी स्वतः मागे एकदा कुणाच्या तरी म्हशीला रेडी होऊ दे म्हणून जीव तोडून होकार दिला होता, आणि ती म्हैस माझ्याच परड्यात येऊन भोपळ्याचे वेल खाणारी.

नारळांची रांग संपत आली होती. तेवढ्यात बायकांच्या मागून गुरखा पुढं आला. अंगात धुतलेला शर्ट, हातात नारळ. तीन शिमगे त्यानं कडेला उभं राहून बघितले होते, पुढं कधी आला नव्हता. मला त्यानं काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता भाऊजी पालखी थांबवणार. पण भाऊजी उपरण्यानं घाम पुसत मुंबईच्या कोणाशी तरी बोलत होते.

गुरख्यानं म्हाताऱ्यांना विचारलं, "मी ठेवू काय?"

"ठेव की," ते म्हणाले. "नारळाला कोण नाय म्हणत नाय."

तो वाकला, त्यांच्या कानात बोलला. बराच वेळ बोलला. म्हाताऱ्यांनी पान गालात सरकवलं, नारळ उचलला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी जी लेकरं पोटासाठी मुंबयला, दर्यावर, परमुलखात ग्येलीत, त्यांची राखण तूच करतोस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तसाच ह्यो एक लेकरू डोंगर उतरून पोटासाठी तुझ्या गावात आलाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याची घरवाली पोटुशी हाय. तिला वाटेचे हाल नको दाखवू. ती ह्याच गावात सुखानं सुटू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पाऊसभर त्यांना ह्या गावात निवारा गावू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कोण आडवा येत असंल, तर त्याला चांगली बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

हा शेवटचा आवाज भाऊजींचा. दोन्ही हात आकाशात, डोळे मिटलेले. मग म्हाताऱ्यांनी नारळ फोडला, आणि त्या आवाजाबरोबर एकेकाच्या डोक्यात उजेड पडायला लागला. आधी बायकांत खसखस पिकली. मग पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. भाऊजींनी डोळे उघडले, गुरख्याला बघितलं, त्याच्या हातात प्रसाद म्हणून दिलेली नारळाची वाटी बघितली आणि हात हळूहळू खाली घेतले.

"ह्ये काय झालं?" ते म्हणाले.

"गाऱ्हाणं," म्हातारे म्हणाले.

"पण ठराव झालाय!"

"मग तू व्हय कशाला म्हटलास?"

कोणीतरी म्हणालं की चुकून म्हटलेलं धरायचं नाही. त्यावर दुसऱ्यानं विचारलं की मग त्याच्या मुलाच्या नोकरीसाठी आत्ताच सगळ्यांनी म्हटलेलं तरी धरायचं का? कारण एकदा का एकाचं व्हय खोटं ठरलं, की सगळ्यांच्या नारळांची पंचाईत. सगळे भाऊजींकडे बघत राहिले. रीतीचा प्रश्न आला की त्यांचाच शब्द शेवटचा, आणि हे त्यांनीच आम्हाला इतकी वर्षं शिकवलेलं.

ते पालखीकडे वळले. मग म्हणाले, "देवापुढं म्हटलंय. आता माघार नाय." आणि चपला शोधत निघून गेले. मुंबईच्या एका पोरानं सगळं मोबाईलवर घेतलं होतं. जेवणं व्हायच्या आत ते वाडीच्या ग्रुपवर आलं, आणि त्यात भाऊजींचे वर केलेले हात असे काही स्पष्ट दिसत होते की मी ते चारपाच वेळा बघितलं. मला इतका आनंद झाला होता की मी पुरणपोळ्या करपवल्या.

नंतर मी म्हाताऱ्यांना विचारलं, हे तुम्ही मुद्दाम केलंत का? ते म्हणाले, "त्यानं सांगितलान त्ये बोललो. शेवटची ओळ तेवढी माझी."

भाऊजी मात्र माझ्या पडवीत यायचे बंद झाले. आंब्याचा हंगाम चालू झाला, संपत आला, ते रस्त्यावरून जाताना मान वळवायचे. मलाही अढी होती, पण चहा एकटीचा करताना बरं वाटायचं नाही. मग जेठात एका सकाळी ते सरळ धाकट्या दिरांच्या घरामागं गेले आणि तिथून मला हाका मारायला लागले. मी धावत गेले. ते खोलीत उभे राहून वर बघत होते.

"वहिनी, कौलं परतून घेतलीत काय?"

"घेणार होते."

"कधी? पाऊस लागल्यावर? हितनं आभाळ दिसतंय. गाऱ्हाण्यात काय म्हटलंय? निवारा. गळक्या खोलीला निवारा म्हणतात? दोष मला लागंल."

गुरख्याला बोलावलं. तो कौलांवर चढला, भाऊजी खालून एकेक कौल देत गेले आणि प्रत्येक कौलाबरोबर सूचना. असं नको, तसं ठेव, तुमच्याकडं कौलं नसतात काय, पाय सांभाळ. मी चहा आणला तेव्हा ते घामानं निथळत होते. कप घेताना म्हणाले, "माझं मत बदललेलं नाय हां. मत तेच हाय."

"असू दे," मी म्हटलं. "साखर बघा पुरते का."

दोघं खोलीत राहायला आली. पावसात त्यानं माझा पडीक तुकडा लावला, आणि शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचाही, ज्यांची लावणी दोन सालं झालीच नव्हती. वाडीतल्या बायका येता-जाता त्याच्या बायकोला हे खा, ते खाऊ नको, वाकू नको असं सांगायला लागल्या. भाषा तिला अर्धी कळायची, पण ती सगळ्यांना मान हलवून हो म्हणायची. चोरीला काही गेलं नाही. गेलं असतं तर मला पहिल्यांदा ऐकवलं असतं.

आषाढात एका भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. पाऊस असा की अंगणातला माणूस दिसेना. रुग्णवाहिकेला फोन केला, तर मध्ये कुठं झाड पडलेलं, वेळ लागेल म्हणाले. मी छत्री न घेताच भाऊजींकडे गेले. त्यांनी गाडीवरचं प्लास्टिक ओढून काढलं. ती गाडी त्यांनी तोवर देवळापर्यंतच चालवली होती. आम्ही मागं तिला आडवं घेतलं, नवरा पुढं बसला, आणि आतल्या रस्त्यानं, लांबच्या वळणानं रत्नागिरी गाठली. भाऊजी सगळी वाट काचेला नाक लावून चालवत होते आणि दर वळणाला देवाचं नाव घेत होते. मी तिचा हात धरला होता. ती ओरडत नव्हती, नुसती माझी बोटं पिळत होती. मला फार भीती वाटली.

सरकारी दवाखान्यात तिला आत नेलं. नवऱ्याला कसलीशी औषधं आणायला पाठवलं. बाकावर मी आणि भाऊजी, दोघांच्या कपड्यांतून पाणी ठिबकतंय. ते उठत होते, बसत होते, परत उठत होते.

शेवटी दार उघडून एक नर्स बाहेर आली. "पेशंटचं कोण आहे?"

मी उभी राहिले आणि तोंड उघडलं. तोंडाशी जो शब्द आला तो होता 'मालकीण'. दुसरा सुचेचना. इतक्या तावातावानं भांडलेली बाई, आणि मला स्वतःला एवढंच म्हणता येत होतं. तो शब्द मी कसाबसा गिळला.

भाऊजी पुढं झाले. "आमी," ते म्हणाले. "गाववाले."

नर्सनं आमच्याकडे खालीवर बघितलं. "बरं. मुलगी झालीय. दोघी छान आहेत. कोरडं कापड आणलंय का?"

भाऊजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं, ते चिंब होतं हे त्यांच्या नंतर लक्षात आलं, आणि मग मी पिशवीत कोंबून आणलेलं ह्यांचं जुनं मऊ धोतर बाहेर काढून दिलं.